भोंग्यातली बातमी

शनिवार, ४ डिसेंबर १९७१

लढाई सुरू! दुकान उघडायच्या आत ओट्यावर चाळीसेक माणसं. लग्नात भाड्यानं देतो तो भोंगा रेडिओला जोडला अन् दुकानाच्या टिनावर चढवला. अख्खी बाजारओळ ऐकते. एकेकाळी सायकलवर गावोगाव फिरून रेडिओ दुरुस्त करणारा मी, उकंड्या – आज वाशीमची लढाई माझ्या दुकानातून चालते.

रविवार, ५ डिसेंबर

बाजाराला आलेली हिरीबाई ओट्यावर येऊन बसली. इंझोरीजवळच्या तांड्यावरची, विधवा. एकुलता एक मुलगा रूपला फौजेत, पूर्वेच्या हद्दीवर. विचारते, रेडिओत पोराचं नाव आलं का. म्हटलं, "माय, लाखानं पोरं हायेत तिकडं, कोनाकोनाचं नाव घेतीन ते?" तरी हलली नाही. शेवटच्या एसटीपर्यंत भोंग्याकडे बघत बसली.

मंगळवार, ७ डिसेंबर

ओट्यावर आज जुंपली. शेषराव गुरुजी म्हणतात, ही लढाई खुर्चीची अन् कारखानदारांची. निवडणूक तोंडावर आली, अन् बंदुका विकणारे दोन्हीकडे विकतात. रामधन – घोंगड्या-कांबळ्यांचा व्यापारी – भडकला. तिकडं माणसं कापली, कोटभर लोक जीव घेऊन आपल्या दारात आले, त्यांना काय खुर्चीसाठी आणलं?

मला दोघांचंही खरं वाटलं. पण माझे कान तिखट. मघाशीच रामधन आपल्या गड्याला सांगत होता, कांबळी मागं दडव, जवानांसाठी वर्गणी निघणार आहे.

गुरुजी उठता उठता मला म्हणाले, "उकंडराव, कोन काय म्हनते ते नका आयकू. त्याले त्यात काय भेटते, ते पाहा."

हसलो. दोघांनाही चहा पाजला.

गुरुवार, ९ डिसेंबर

हिरीबाई रोज येते. आज पाचवा दिवस. बातम्या त्याच त्याच. दुपारी माणसं उठायला लागली. तिच्याकडे पाहिलं, रिकाम्या होणाऱ्या ओट्याकडे पाहिलं – रेडिओ बंद केला अन् माइक हातात घेतला. लग्नात अहेर पुकारतो तो आवाज काढला: आताच हाती आलेली बातमी – इंझोरी तांड्याचा जवान रूपला सुखरूप, त्यानं मर्दुमकी गाजवली!

टाळ्या! उठलेली माणसं परत बसली. हिरीबाईनं माझ्या हातावर कपाळ टेकवलं. गुरुजी तेवढे टाळ्या वाजवत नव्हते.

संध्याकाळपर्यंत कपाटातले उरलेसुरले ट्रान्झिस्टर खपले.

शुक्रवार, १० डिसेंबर

हिरीबाई आली नाही. बरं वाटायला हवं होतं.

गुरुवार, १६ डिसेंबर

ढाका पडलं! पेढे वाटले. सगळे नाचत होते. मी सारखा इंझोरीच्या रस्त्याकडे का बघत होतो?

सोमवार, २७ डिसेंबर

तांड्यावर सरकारी कागद आला. गुरुजींनीच तिथं जाऊन वाचून दाखवला. रूपला गेला. सहा तारखेला.

सहा! मी नऊला पुकारलं.

गुरुवार, ६ जानेवारी १९७२

भोंगा माळ्यावर पोत्यात बांधून टाकलाय. तरी दुकानात एकटा असलो की वरून माझाच आवाज येतो – मर्दुमकी गाजवली. लग्नाची सुपारी आली होती. नाही म्हणून सांगितलं.

गुरुजी आले होते. हिरीबाई पेन्शनच्या कागदावर अंगठा देत नाही. म्हणते, कागदावर तारीख सहा अन् रेडिओ बोलला नऊला, म्हणजे कागद खोटा. तांड्यावर कोणाला रडू देत नाही. रोज दोघांच्या भाकरी थापते. मुदत सरली तर पेन्शनही जाईल, मग खाणार काय?

  उद्या तांड्यावर जातो.

शुक्रवार, ७ जानेवारी

गेलो. तिच्यासमोर भुईवर बसलो, सगळं सांगितलं. रेडिओ बंद होता. बोललो तो मीच.

तिनं दुसऱ्या ताटातली भाकरी माझ्यापुढं सरकवली अन् हसली.

"तुमी कायले खोटं बोलसान, भाऊ? तुमाले त्यात काय भेटते?"