आमची मराठी ट्रिक

रविवार संध्याकाळ, स्मृति नगर

हरलो. अन् त्या पोरीचं ते "ताई" डोक्यातून जाऊनच नाही राहिलं.

इकडे हिंदी मुलखात आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये मराठी फक्त मी अन् पल्लवी. म्हणून पूर्ण सीझन कोर्टवर आम्ही मराठीतच ओरडलो, "डावीकडून जाय, मी मांगून येऊन राहिली!" समोरच्या पोरी नुसत्या पाहत राहायच्या. घरी मात्र मी आईले हिंदीतच उत्तर देते. त्यावरून तिची रोज कटकट.

आज सेमीफायनल, राजनांदगावची टीम. मी "डावीकडे" ओरडली की त्यांची गार्ड आधीच डावीकडे उभी! कावून, हेच समजून नाही राहिलं. शेवटच्या मिनिटाले तिनं माझ्या हातातला बॉल हिसकला अन् हळूच म्हणाली, "ताई, इतक्या जोरात नको सांगू नं. आम्ही बी घरी हेच बोलतो."

ताई म्हणे!

पल्लवी रडत बसली. मी चिडून कोर्टाबाहेर आली, तं पहिल्यांदाच माझी मॅच पाहाले आलेली आई गॅलरीच्या पायऱ्यांवरून हसत उतरून राहिली.

"आम्ही हरलो, तू हसून कावून राहिली?"

"हरली तं हरली. पण आज पूर्ण मॅच मराठीत बोलली नं माय!"

मी म्हटलं, "मम्मी, घर चलो."