अवंतिका श्रीनाथी

१७ मे, रविवार

आजपासून अधिक मास आणि आजपासून ही रोजनिशी. शास्त्रज्ञाला नोंदीची सवय पाहिजे, म्हणून सगळं पहिल्यापासून नीट लिहितो.

इथेच उज्जैनमध्ये, माधव नगरला सासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. गौरीची धाकटी बहीण सायली बाळंतपणाला आलेली आहे. ती गोव्याला पीएच.डी. करते. येताना बाळासाठी एक झबलं आणलं नाही, पण मायक्रोस्कोप आणला, आणि कोकणातल्या कुठल्याशा खाडीच्या गाळाच्या चाळीस बाटल्या. परवा तिचं बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, वाकून बसायचं नाही, आडवं राहायचं. थिसिस तीस जूनला द्यायचाय. आणखी मुदतवाढ नाही. निम्म्या बाटल्या मोजायच्या राहिल्यात. पोरगी भरल्या ताटावर रडली.

मी म्हणालो, मी मोजतो.

 सासरे (वसंतराव, रेल्वेतून रिटायर) म्हणाले, श्रीनाथराव, हे फरशीचं काम नाही. मी त्यांना शांतपणे आठवण करून दिली की मी एम.एस्सी. जिऑलॉजी आहे आणि माझं गोल्ड मेडल थोडक्यात हुकलं. फ्रीगंजला फरशीचं दुकान आहे, म्हणजे दगडाशी नातं तुटलेलं नाही. शिवाय अधिक मासात कोणी वास्तू करत नाही, त्यामुळे फरशी कोणी घेत नाही. वेळच वेळ.

थोडक्यात म्हणजे चौथा आलो होतो. ते बोललो नाही.

१८ मे

ट्रेनिंग. सायलीने पलंगावरून शिकवलं.

काम असं. खाडीच्या तळात पाइप ठोकून गाळाचा उभा दंडा काढतात. वरचा गाळ अलीकडचा, खालचा जुना. त्याचे काप करून, धुऊन, वाळवून एकेक काप एकेका बाटलीत. त्या वाळूत बारीक शंख असतात, फोरॅम नावाच्या एकपेशीय जिवांचे. नुसत्या डोळ्यांना धूळ. चिमूटभर काळ्या ट्रेवर पसरायची, मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक शंख उचलायचा आणि जात ओळखायची, तीनशे होईपर्यंत. कुठल्या थरात कुठली जात जास्त, यावरून समुद्र खाडीत केव्हा किती आत शिरला ते कळतं. सायलीचा थिसिस तोच आहे.

तिचे नियम: पंखा बंद, कूलर बंद, ब्रश वाटीतल्या पाण्यात बुडवायचा, काम करताना काही खायचं नाही. नियम चांगले आहेत. नवशिक्यांसाठी आवश्यक.

मायक्रोस्कोप मागच्या खोलीत हलवून घेतला. एकाग्रता. संकल्प: सकाळी आठ ते बारा, रोज दोन बाटल्या. दहा दिवसांत काम खल्लास.

१९ मे

अकराला पोचलो. सिंहस्थाच्या नावाने रस्ता खोदून ठेवलाय, ऑटोवाला गावभर फिरवतो. यात माझा दोष नाही.

कूलर लावावा लागला. बेचाळीस डिग्रीत विज्ञान होत नाही. काही कण ट्रेवरून उडाले, पण नीट पाहता फक्त हलके तेवढेच उडाले. भारदस्त होते ते राहिले. निसर्गाचा नियमच आहे.

बाटल्या: अर्धी.

२१ मे

सासूबाईंनी (विजयाताई) अनारसे केले. धोंड्याचा महिना, जावयाचा मान. महिना संपताना तेहतिसांचं वाण मिळेलच, हा डबा 'येता-जाता तोंडात टाकायला' वेगळा. जाळी अशी सुटलेली, वर खसखस, हाताला तूप. म्हणाल्या, जावईबापू, पोरीसाठी एवढं करताय तुम्ही. नाही म्हणवेना. मोठ्यांचा मान राखावा लागतो. टेबलावर ठेवले नाहीत, मांडीवर ठेवले.

ब्रश जिभेवर ओला करायला लागलो. वाटीपेक्षा सोयीचं पडतं. मोठमोठे लोक असंच करतात, असं कुठंतरी वाचलंय.

२२ मे, शुक्रवार. दुपारी साडेबारा

तारीख नीट लिहून ठेवतो. पुढे लागेल.

आजच्या बाटलीत अशी एक जात सापडली जी सायलीच्या तक्त्यात नाही. आकार काजूसारखा. रंग बदामी. अंगभर सहा कोनांची जाळी, इतकी सुबक की फरशीवर छापावी. आणि बाकीच्यांपेक्षा चौपट मोठी! एवढी ठळक गोष्ट आजवर कोणाला दिसू नये याचं नवल वाटलं. पण बघणारा लागतो.

सायलीला सांगितलं नाही. तिचं बीपी. आधी खात्री करावी, मग सरप्राइज.

 लग्नाला एकवीस वर्षं झाली, या घरात मला दगडाबद्दल एकदाही कोणी काही विचारलेलं नाही. बाथरूमची टाइल उखडली की विचारतात.

२५ मे

रोजच्या बाटलीत आहे. अगदी प्रत्येक थरात. म्हणजे समुद्र आला, गेला, बाकी जाती बदलल्या, ही मात्र जागची हलली नाही. स्वभावाने माझ्यासारखीच.

नाव ठरवलं: अवंतिका श्रीनाथी. अवंतिका हे उज्जैनचं जुनं नाव; गावाचा मान आधी, माझा नंतर. गौरीला फक्त एवढंच म्हणालो की लवकरच एक बातमी ऐकशील. ती म्हणाली, मिशीला काहीतरी लागलंय, पुसा. बायकोला नवऱ्याच्या तोंडावर एवढंच दिसतं.

२७ मे. एकादशी

उपास. केळी, साबुदाण्याची खिचडी, पुन्हा केळी.

आजच्या थरात अवंतिका शून्य. एकसुद्धा नाही. ट्रे तीनदा पाहिला. सामूहिक विनाश! खाडीवर त्या काळी काहीतरी भयंकर कोसळलं असणार. वादळ, नाहीतर दुष्काळ. मन विषण्ण झालं.

२८ मे

सासुरवाडीलाच पारणं. दुसरा डबा आला होता.

अवंतिका परतली. आधीपेक्षा जोमाने. एका चौकटीत सहा-सहा. जगण्याची केवढी ही जिद्द! डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे पुढचं मोजणं बंद ठेवलं.

१ जून

तेरा बाटल्या झाल्या. वेग कमी आहे, पण काम वरच्या दर्जाचं आहे. लहान शंखांच्या तीन जाती मला एकसारख्याच दिसतात, तेव्हा तिघींना समान वाटा दिला. कोणावर अन्याय नको.

सायली रोज विचारते, जिजाजी, कुठपर्यंत आलं? मी म्हणतो, तू आराम कर. ती म्हणते, जिजाजी, आप नहीं होते तो मेरा क्या होता. हे ऐकून बरं वाटलं. सासऱ्यांनीही ऐकलं. मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं नाही.

२ जून

तेजस्विनी मॅडमना, म्हणजे सायलीच्या गाइडना, मेल पाठवला. पत्ता सायलीच्या लॅपटॉपवरून घेतला. मोबाइल मायक्रोस्कोपला टेकवून काढलेले सात फोटो जोडले. ग्राफही जोडला: बावीस मेला आगमन, सत्तावीसला विनाश, अठ्ठावीसला पुनरागमन. तारखांच्या जागी थरांची खोली घातली. 'माझी सहकारी सायली' असा उल्लेख केला. थिसिसचं नाव बदलायला हरकत नाही, असंही सुचवलं.

मराठी मंडळाच्या ग्रुपवर सूचक एक ओळ टाकली: उज्जैनमधून समुद्राची मोठी बातमी, थोडी कळ काढा. चौदा अंगठे आले.

५ जून

उत्तर नाही. मोठी माणसं खात्री केल्याशिवाय बोलत नाहीत.

६ जून, शनिवार

मॅडमचा फोन सायलीला आला. ती आडवी, म्हणून स्पीकरवर. खोलीत सगळे होते, मीच बोलावलं होतं.

मॅडमनी आधी तब्येत विचारली. मग विचारलं, तुमच्याकडे अधिक मास पाळतात ना? सायली म्हणाली, हो. मॅडमनी विचारलं, तुझ्या जिजाजींना अनारसे आवडतात का?

मला वाटलं, घरगुती चौकशी. पुढे होऊन म्हणालो, फार.

मॅडम म्हणाल्या, तो नमुना कागदावर ठेवा आणि नखाने दाबा. दाबला. कागदावर तुपाचा डाग पडला.

खसखस.

कोणी हसलं नाही. हसले असते तर मीही हसलो असतो. सासूबाईंना काय झालं ते कळेना, त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, जिजाजींनी मोजलेल्या सगळ्या बाटल्या पुन्हा मोजाव्या लागतील. सायलीने फोन ठेवला आणि मला एकच विचारलं, कूलर लावला होता का?

मी म्हणालो, थोडा.

७ जून

फोटो ओळखायला मॅडमना चार दिवस लागले. म्हणजे चूक अगदीच उघड नव्हती.

वरची ओळ पुन्हा वाचली. खोडायला हवी.

सायली उठून बसलीय. पाठीला दोन लोड, पोट सांभाळत मायक्रोस्कोपवर वाकते. पंखा बंद. सासरे ओला नॅपकिन घेऊन शेजारी उभे असतात, मधेमधे तिची मान पुसतात. मी म्हणालो, मी बसतो, तू सांग. ती म्हणाली, जिजाजी, रहने दो. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणायला हवं होतं.

८ जून

तळाच्या चार थरांच्या बाटल्यांत मोजण्याइतकं काही उरलेलं नाही. उडालं. समुद्र पहिल्यांदा खाडीत शिरला तो याच थरांत दिसणार होता. ते प्रकरण थिसिसमधून काढावं लागेल. तिची तीन वर्षं त्यासाठी गेली. ती पावसाळ्यात होडीतून गाळ काढायला गेली होती, हे मला आज गौरीकडून कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

दुकानात बसून राहिलो. एक गिऱ्हाईक आलं, त्याने षट्कोनी डिझाइन मागितलं. नाही म्हणून सांगितलं. गोडाऊनमध्ये आहे.

९ जून

सासूबाईंना कोणीतरी समजावून सांगितलं असावं. मला एकट्याला गाठून रडल्या. म्हणाल्या, माझ्याच हातांनी पोरीचं वाटोळं केलं हो, खसखस मीच इतकी घालते.

मी सांगणार होतो की नियम मला पहिल्या दिवशीच सांगितला होता. खायचं नाही, हे मला माहीत होतं. तोंडापर्यंत आलं होतं. प्रत्यक्षात म्हणालो, जाऊ द्या, झालं ते झालं.

घरी आल्यावर लक्षात आलं. मी त्यांना माफ करून आलो.

११ जून. एकादशी

उपास. आज तरी खरा. संकल्प: वाणाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं. चूक खसखशीची नाही, सासूबाईंची तर नाहीच, माझी आहे. चार वाक्यं पाठ केली. गौरीला म्हणून दाखवली. ती म्हणाली, बोला तेव्हा खरं.

१५ जून, सोमवार

वाण.

मी नको म्हणत होतो. सासरे म्हणाले, रीत आहे, तुमच्यासाठी नाही करत, लेकीसाठी करतो. पाटावर बसलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, खाली बसून त्यांनी माझे पाय धुतले. या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. त्यांना सगळं माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि शेजारच्या खोलीत सायली हळू आवाजात मोजत होती, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. पाय आखडून घेतले तर म्हणाले, नीट ठेवा, पाणी सांडतंय. मला इतकी लाज वाटली की अंगाला घाम फुटला, आणि गौरीला वाटलं उकडतंय.

मग सासूबाईंनी ताट आणलं. तेहतीस अनारसे, वर दिवा. एकावरही खसखस नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी असे केले होते. थापताना हाताला चिकटले असणार, कडा फाटल्या होत्या. म्हणाल्या, या वेळी काळजी घेतलीय हो जावईबापू.

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. त्यांनी त्यात घास घातला.

चावायला वेळ लागला. तोपर्यंत त्या विचारत होत्या, कसा झालाय? मी मान हलवली आणि म्हणालो, छान झालाय. चार वाक्यं गिळली.

 येताना ऑटोत गौरीला म्हणालो, उद्या फोन करून सांगतो.

१६ जून

सकाळी मी फोन करायच्या आधी सासूबाईंचाच आला. आवाज अगदी बारीक. विचारत होत्या, वरणाला मोहरीची फोडणी दिली तर चालेल का? सहा तारखेपासून त्यांनी घरात मोहरी, जिरं, तीळ, काहीच बाहेर काढलेलं नाही. सगळे बिनफोडणीचं जेवताहेत. सायलीला विचारायची भीती वाटते, ती कामात असते. तुम्ही यातले जाणकार, म्हणून तुम्हाला विचारते, म्हणाल्या.

मी म्हणालो, सायलीला विचारून सांगतो.