अभयच्या तिजोरीतले पॉइंट टू टू रिव्हॉल्व्हर

मी, अनिमेष पद्मनाभ केळशीकर, वय वर्षे सत्तेचाळीस, मूळचा पुण्याचा, सध्या राहणार बुकित बातोक, सिंगापूर, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी राहत नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, वकीलबाई म्हणतात लिहून ठेवा. दोघांचेही मला पटते. मराठीत लिहिले तरी चालेल, प्रमाणित भाषांतर सोबत जोडू, असे बाईंनी सांगितले आहे.

बहुतेक वाटणी एका संध्याकाळी उरकली. एका वस्तूपाशी मात्र हा कागद तीन आठवडे अडून राहिला. अमेरिकेत आयडाहो राज्यात माझा कॉलेजचा मित्र अभय राहतो. त्याच्या तिजोरीत माझे एक छोटे रिव्हॉल्व्हर आहे. ते कोणाकडे जावे हे ठरल्याशिवाय मला सही करता येत नव्हती. अभय आणि मी सहा वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही.

१. देहाविषयी. दहन इथेच, मंडाईच्या दाहगृहात करावे. अस्थी समुद्रात सोडाव्यात, पुण्याला नेऊ नयेत. तिथे आता दार उघडायला कोणी नाही. विधी करायचे की नाही हे इराने ठरवावे.

२. बँकेतील रक्कम, विमा आणि पुण्यातील फ्लॅट माझी मुलगी इरा हिला द्यावा. तीच व्यवस्थापक. इरा एकवीस वर्षांची असून सिंगापुरातली शाळा संपवून आता अमेरिकेत ओरेगनमध्ये शिकते. ती देवनागरी सावकाश वाचते. इरा, घाई करू नकोस, मी थांबतो.

३. माझी घटस्फोटित पत्नी शुभा हिची पितळी समई सामान वाटून घेताना चुकून माझ्याकडे आली. ती तिची तिला परत करावी. ही देणगी समजू नये.

४. माझी हत्यारे, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचा संच, सूक्ष्म फटी मोजायच्या पट्ट्या आणि छोटा वाइस, आंग मो किओच्या ऑफिसातील सहकारी वरुण याला द्यावीत. त्याने एक पाना नेलेला आहे आणि तो परत न करता दर शुक्रवारी मला हसून नमस्कार करतो. तो पानाही आता त्याचाच.

५. रिव्हॉल्व्हर. इथे असली वस्तू बाळगण्याचा प्रश्न येत नाही, आणि तो कायदा मला मान्य आहे. इथल्या रानात फिरताना माकडे पिशवी ओढतात. हात झटकला की काम भागते. पण मी आयडाहोत दहा वर्षे काढली आणि तिथल्या उघड्या टेकड्यांवर एकटा हिंडलो. एवढ्या मोकळ्या जागेत कमरेला काहीतरी असावे असे मला वाटू लागले. भीती होती का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नव्हती. तिथे अस्वलाला पॉइंट टू टूच्या बारीक गोळीने काही होत नाही आणि साप वाट सोडून जातात. मला बहुधा सोबत हवी होती, आणि यंत्राची सोबत मला जमते.

पॉइंट टू टू माझ्या ओळखीचे होते. कॉलेजात एनसीसीच्या रायफलीतून अभय आणि मी शेजारी शेजारी पालथे पडून नेम धरायचो. तो नागपूरचा, मी पुण्याचा. त्याच्या गोळ्या माझ्या कागदावर लागायच्या आणि सुभेदार मला शाबासकी द्यायचे.

निवडायला मला पूर्ण हिवाळा लागला. संग्रहात शोभेल असे हवे आणि डोंगरातही नेता येईल असे हवे, अशी माझी अट होती. दुकानात नवी, हलक्या धातूची, आठ गोळ्यांची होती. ती हातात घेतली की नेम थरथरायचा. मोठी, लांब नळीची छान बसायची, पण अशी जड वस्तू दुसऱ्या फेरीला घरीच राहते. शेवटी एक जुने, लहान सांगाड्याचे सापडले. सबंध पोलादाचे, काळ्यानिळ्या झिलईचे, सहा गोळ्यांचे, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मूळ खोक्यासकट. या जातीच्या काडतुसाला ठोका मध्ये नाही, कडेवर बसावा लागतो, म्हणून चाप जरा घट्ट असतो. तो किती घट्ट आहे, घोडा हळू मागे ओढला की गोळ्यांची चकरी सहाही घरांत नेमकी बसते का, नळी आणि चकरी यांत फट किती, हे सगळे मी पट्ट्या लावून तपासले. आत चकरीत काही नाही याची खात्री दर वेळी केली. दुकानदार म्हातारा हसत होता. सोबत आलेला अभय कंटाळला होता.

"काय बे अन्या, लग्नाआधी शुभाला एवढं तपासलं होतं का?"

"तिनं मला तपासलं होतं."

"आणि तरी हो म्हणाली? मग तिचं डोकं तपास आधी."

माझा व्हिसा तात्पुरता होता. अशा माणसाने तिथे बंदूक बाळगायची तर शिकारीचा परवाना लागतो, असे वाचून मी तो रीतसर काढला. अभयने तो हातात धरून दिव्याकडे केला. "तू झुरळ मारत नाहीस. घरी आलं तर वर्तमानपत्रावर घेऊन बाहेर सोडतोस. आणि आता तू शिकारी!" मी तो परवाना दर वर्षी नवा करून घेतला आणि एक ससाही मारला नाही. डबे मात्र पुष्कळ मारले.

पहिल्या खंडेनवमीला शुभाने ते पाटावर मांडले आणि नळीवर हळदकुंकू लावले. ओलाव्याने झिलई जाईल म्हणून मी ते तेलाच्या फडक्याने लगेच पुसले. ती म्हणाली, "देवाला तरी दोन मिनिटं बसू दे." मी तिला समजावून सांगितले, गंज कसा धरतो ते. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुला वस्तू वापरायच्या नसतात, अनिमेष. नीट ठेवायच्या असतात. मलासुद्धा." मी हे तेव्हाच डायरीत उतरवले होते. उतरवून ठेवले, एवढेच केले.

आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा ते अभयकडे ठेवले. तो तिथला नागरिक झाला होता. म्हणालो, "सांभाळ." कायद्याच्या दृष्टीने त्यावर माझा आज किती हक्क उरला आहे, हे मला ठामपणे सांगता येत नाही. जेवढा असेल तेवढाच या कलमाने देत आहे.

६. तक्रार. सहा वर्षांपूर्वी अभयने एक फोटो पाठवला. कड्यावर उभा, कमरेला माझे रिव्हॉल्व्हर, आणि त्याला काळ्या रबराची मूठ. अक्रोडाची मूठ काढून टाकलेली. मी खोक्याबद्दल विचारले. ते त्याची बायको नीता हिने पुठ्ठ्याच्या रद्दीत दिले होते. जाणकार संग्राहकाला विचारा: मूळ मूठ आणि मूळ खोके गेले म्हणजे ती वस्तू साधी वापरलेली वस्तू उरते. मी अभयला मुद्देसूद पत्र लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीचे आले: "सांभाळ म्हणालास, देव्हाऱ्यात ठेव म्हणाला नव्हतास." मी त्यावर काही लिहिले नाही, त्यानेही नाही. माझे म्हणणे आजही बरोबर आहे असे मला वाटते. सहा वर्षे अबोला धरावा इतके बरोबर होते का, ते मला ठरवता आलेले नाही.

७. निर्णय. आधी मी ते इराच्या नावे लिहिले. ती जन्माने अमेरिकेची नागरिक आहे आणि माझी मुलगी आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रश्न सुटत होता. पण न विचारता कोणाच्या पदरात शस्त्र टाकू नये, म्हणून फोन केला. ऑपरेशनचे सांगितले नाही. तिची जूनची परीक्षा आहे.

"बाबा, नो लाह. मी काय करू त्याचं?"

"जुनं आहे. चांगलं आहे. संग्रहात..."

"इट्स अ गन, बाबा. नॉट अ कॅमेरा. आम्हाला इथे कॉलेजात शिकवतात, गोळीचा आवाज आला तर कुठे लपायचं. यू नो दॅट, राइट?"

मला माहीत होते. आठवले नव्हते. मी म्हणालो, बरोबर आहे तुझं. ती म्हणाली, "अभयकाकांनाच द्या ना. ते नेतात ना ते डोंगरात. मी थँक्सगिव्हिंगला गेले होते तेव्हा बरोबर होतं. पावसात लाकडी मूठ सटकते म्हणाले, त्यांची बोटं आता नीट वळत नाहीत. आणि बाबा, कोणी विचारलं की सांगतात, माझं नाही, अन्याचं आहे."

ती त्याच्याकडे गेली होती हे मला ठाऊक नव्हते.

मग पोलिसांकडे देऊन वितळवून टाकावे असे लिहिले. खोडले. विकून टाकावे असे लिहिले. तेही खोडले, कारण मला ते कोणाकडे तरी हवे होते, कोणाकडेही नव्हे. अक्रोडाची मूठ परत बसवण्याची अट घालून अभयच्या नावे लिहिले आणि एक दिवस त्याकडे बघत राहिलो. ज्याची बोटे वळत नाहीत त्याला निसटणारी मूठ द्यायची, आणि तीही मी मेल्यावर! अट काढून टाकली. मग काल त्याला फोन केला.

"कोण?"

"अन्या."

मागे नीता कोणाचा फोन म्हणून विचारत होती.

"बोल."

मी त्याला मृत्युपत्राचे सांगितले, झडपेचेही सांगितले.

"सहा वर्षांनी फोन करतो आणि म्हणतो, मी मेलो तर घेशील का. साल्या, जिवंत असताना काही द्यायची पद्धत नाही का तुमच्या पुण्यात?"

"अभ्या, घेशील का सांग."

"रबरासकट?"

"रबरासकट."

तो हसला नाही. म्हणाला, "कागदावर नावापुढे काय लिहिणार? वकील नातं विचारतात. तिजोरीवाला लिहिणार, की काय?"

वकीलबाईंनी खरेच विचारले होते आणि मी ती जागा मोकळी सोडली होती. मी म्हणालो, "मित्र लिहितो."

"हं," अभय म्हणाला. "लिही मग."

त्यानुसार: वर वर्णन केलेले रिव्हॉल्व्हर, त्याच्या आत्ताच्या मुठीसह, चामडी म्यान व काडतुसांसह, माझा मित्र अभय वैरागडे, राहणार बॉयसी, आयडाहो, यास कोणत्याही अटीशिवाय द्यावे. त्याने ते हवे तिथे न्यावे. डोंगरातून आल्यावर चामड्यातच ठेवू नये, चामडे ओल धरते. ही अट नाही, विनंती आहे.

८. साक्षीदार. ज्यांना या कागदाने काहीही मिळत नाही अशीच माणसे साक्षीला लागतात. अशी दोन माणसे मला पाच मिनिटांत मिळाली. वरच्या मजल्यावर राहणारी, विद्यापीठात संशोधन करणारी जाई आणि शेजारचे लिम अंकल आत्ता बाहेरच्या खोलीत बसले आहेत. जाईने विचारले, "काका, वाचायचं की नुसती सही?" मी म्हणालो, नुसती सही. लिम अंकल दोनदा विचारून गेले, "फिनिश ऑर नॉट? सो यंग, राइट विल फॉर व्हॉट?" मी त्यांना म्हणालो, एकच कलम राहिले आहे.

९. दुरुस्ती. कालच्या फोनवर शेवटी अभयने विचारले, "गुरुवारी तुझ्याबरोबर कोण आहे?" मी म्हणालो, "आहेत लोक." या कागदात खोटे राहू नये म्हणून नोंदवतो: कोणी नाही. याची एक प्रत मी आजच अभयला पाठवत आहे. ती पाठवण्याची कायद्याने गरज नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि खोडाखोड माझीच आहे. यापूर्वी असा कागद केलेला नाही. यापुढे करण्याची वेळ आली तर आनंदच आहे.

अनिमेष पद्मनाभ केळशीकर (सही)

आम्हा दोघांसमक्ष, एकाच वेळी, सही केली:
१. जाई अथर्व मोघे (सही)
२. लिम बून हॉक (सही)

बुकित बातोक, सिंगापूर
रविवार, २ जून २०२४