मामांचा पंखा पुन्हा भिंतीवर

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे अगदी शब्दशः घ्या. मागच्या शेडमध्ये विमानाच्या पोटाखाली सतरंजी टाकून, पालथा पडून हे पत्र लिहितोय, त्यामुळे आठांपैकी सात अंगं तरी जमिनीला लागलेली आहेत.) तुमचा खोकला कसा आहे? आईच्या मते तो लाकडाच्या भुशाने होतो. माझ्या मते औषध तुम्ही पोटात न घेता कपाटात ठेवता, त्याने होतो. दोघांचंही बरोबर असू शकेल. इकडे सगळे ठीक आहेत, फक्त आई माझ्याशी बोलत नाही.

सगळ्यात आधी तुमचे आभार. तुम्ही म्हणाल, अरे, प्रोपेलरची पेटी आली त्या दिवशीच फोनवर मानलेस की. मामा, ते पेटीचे होते. आज मी धडधाकट आहे आणि पत्र लिहितोय, त्याचे हे आहेत. फोन दिवाणखान्यात, आईचे कान त्याहून जवळ, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

तुम्हाला आठवत असेल, तुमचा प्रोपेलर आला तेव्हा मी घरीच बांधायला घेतलेलं हे विमान म्हणजे नुसता सांगाडा होता. एक पंख आमच्या खोलीत पलंगाच्या कडेला उभा, आणि तुमची भाचेसून त्यावर टॉवेल वाळत घालायची. (मी ओरडलो की म्हणायची, उडेपर्यंत तरी त्याचा काही उपयोग होऊ दे.) तर तुमचा प्रोपेलर ठेवायचा कुठे? शेडमध्ये ठेवू म्हणालो तर आईने अशी काही नजर टाकली की जणू मी तुम्हालाच शेडमध्ये झोपायला सांगितलं होतं. "माझ्या दादाने केलेला पंखा" दिवाणखान्यात, समोरच्या भिंतीवर लागला. मधल्या भोकातून एक जाड खिळा, आणि त्यावर तो मोकळा फिरेल असा. आडवा केला तर दार उघडत नव्हतं, म्हणून उभा. आणि काय देखणा दिसायचा हो! वेगवेगळ्या रंगांच्या लाकडी पट्ट्या एकावर एक चिकटवून तुम्ही जो पीळ काढलाय, तो बघायला आमच्याकडे येणाऱ्याला चहाच्या आधी उभं केलं जायचं. अगदी गॅसवाल्यालासुद्धा.

आता खरी गंमत. (गंमत आज म्हणतोय, तेव्हा पाचावर धारण बसली होती.) काही महिन्यांनी असं दिसायला लागलं की आईने पाहुण्यांसाठी प्रोपेलर फिरवून सोडला, की तो थोडं झुलून नेमका पहिल्या जागी येऊन थांबतो. तेच पातं खाली, तेच वर. कसाही फिरवा, येणार तिथेच. आई म्हणायची, बघा, दादाचं काम, जागा सोडणार नाही. पाहुणे माना डोलवायचे. आणि मामा, मीही डोलवायचो! मी, ज्याचं पोट वजनकाटे दुरुस्त करण्यावर चालतं! दुकानातला काटा केसभर कलला तर मला शेजारच्या दुकानातून कळतं, आणि घरात समोरच्या भिंतीवर पातं रोज खाली बसत होतं, तर मी पाहुण्यांना कौतुकाने पुन्हा फिरवून दाखवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मग विमान तयार झालं, प्रोपेलर बसवला, इंजिन सुरू केलं. मामा, काय हादरे! खोक्यातले पाने आपल्या पायांनी चालत शेडच्या दाराशी गेले. माझा चष्मा नाकावरून हनुवटीवर आला. मी लगेच इंजिन बंद केलं आणि सगळा दोष इंजिनावर ठेवला. ज्याच्याकडून ते घेतलं त्या भल्या माणसाला फोनवर नाही नाही ते बोललो. इंजिन खोललं, जोडलं, परत खोललं. त्याखालचे रबराचे तुकडे बदलले. चाकांवरसुद्धा संशय घेतला, विमान उभं असताना! प्रोपेलरकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती, कारण आई दर वेळी शेडच्या दारात उभी असायची.

शेवटी तुमच्या भाचेसुनेने जेवताना, ताटातून मान वर न करता, एवढंच विचारलं, "छताचा पंखा बंद केल्यावर रोज एकाच पात्यावर थांबतो का हो?" माझा घास हातातच राहिला. तसाच उठलो, प्रोपेलर काढला, एका गुळगुळीत सळईवर तोलून बघितला. एक पातं असं खाली बसलं की जणू पोतं ठेवलेलं पारडं. तुमच्या कामात खोट असणं शक्य नाही. मग वजन आलं कुठून?

ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी प्रोपेलर मुद्दाम परत भिंतीवर लावला होता. आई ओटा पुसून आली, आणि त्याच ओल्या फडक्याने त्यावरची धूळ पुसायला लागली. शांतपणे, मायेने, पुन्हा पुन्हा. तिची उंची तुम्हाला माहीत आहे. हात पुरायचा तो फक्त खालच्या पात्यापर्यंत. म्हणजे रोज आंघोळ एकाच पात्याला! टोकाचं पॉलिश झिजून गेलं होतं, लाकडाने पाणी प्यायलं, पातं जड झालं. जड झालं म्हणून खाली राहिलं, आणि खाली राहिलं म्हणून पुन्हा पुसलं गेलं. मी दाराआड उभा राहून बघत होतो आणि हसावं की रडावं कळेना.

मग विमानं तपासणाऱ्या साहेबांकडे गेलो. (आम्ही त्यांना नकारघंटा म्हणतो. काहीही दाखवा, 'नाही'पासून सुरुवात.) त्यांनी मात्र या वेळी बसवून घेऊन नीट सांगितलं. लाकूड वाईट नाही, उलट चालायला मऊ, पण ते हवेबरोबर फुगतं आणि आकसतं, त्यामुळे बोल्ट पुन्हा पुन्हा तपासून आवळावे लागतात, आणि ठेवायचं तर आडवंच. धातूचं पाण्याला दाद देत नाही, पण जड, आणि साधा टवका उडाला तर तिथून तडा जातो. आणि पाऊस? त्या वेगाने फिरणाऱ्या पात्याला पावसाचा थेंब खडीसारखा लागतो, उघड्या लाकडाची पुढची कड बघता बघता खरवडून निघते. आमच्याकडे निम्मं वर्ष आभाळ गळतं आणि उरलेलं निम्मं भाजून काढतं. म्हणून शेवटी कार्बनच्या धाग्यांचा काळा प्रोपेलर घेतला. पाणी पीत नाही, पुढच्या कडेला धातूची पट्टी आहे, आणि माझ्या इंजिनाला चालतो असं बनवणाऱ्याकडूनच लेखी घेतलं. बसवला, सुरू केलं, चष्मा जागच्या जागी. जीव भांड्यात पडला.

मामा, राग मानू नका. तुमचा प्रोपेलर जमिनीवर हलला नसता तर मी या विषयात डोकंच घातलं नसतं. तोच लावून उडालो असतो आणि कधीतरी वर पावसात सापडलो असतो. तुमच्या हातच्या लाकडाने मला खालीच गदागदा हलवून शहाणं केलं. हे उपकार मी विसरणार नाही. येत्या रविवारी पहिलं उड्डाण आहे. तुमचा प्रोपेलर पुन्हा भिंतीवर आहे, आणि त्यापायी आईने अबोला धरलाय. दादाचा पंखा असताना बाहेरचा काळा पंखा का, एवढंच तिचं म्हणणं. खरं कारण सांगितलं तर ती स्वतःला बोल लावत बसेल, म्हणून मी मूग गिळून आहे. पण तिच्याशी न बोलता विमानात बसायचं माझ्याने होणार नाही.

मामींना नमस्कार. औषध कपाटातून काढा.

तुमचा भाचा

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? माझ्यासाठी आईला एक पत्र टाका. लिहा, की हा पंखा मी भिंतीवर शोभेसाठीच केला होता, उडवायचा नव्हताच, उगाच पोराला बोल लावू नकोस. तुमचं ती ऐकते. फडक्याबद्दल आईला कळता कामा नये.

ता. क. २ (अक्षर बदललंय, ओळखशीलच)

दादा, पाकीट चिकटवायला ह्याने माझ्याकडेच दिलं. डिंक माझ्या कपाटात असतो, करतो काय बिचारा. वाचणार नव्हते, पण 'कळता कामा नये' एवढं ठळक लिहिलं तर चष्मा नसतानाही दिसतं. सुताराच्या घरात वाढले आणि लाकडाला ओलं फडकं लावलं. आपले बाबा असते तर कान धरून उभं केलं असतं. ह्याच्याशी मी आजच बोलणार आहे. रविवारी मैदानावरही जाईन, काळा तर काळा.

पण धूळ पुसत होते असं हा लिहितो, ते खरं नाही. त्यावर धूळ नव्हतीच. पात्यावरून हात फिरवला की तुझा रंधा कुठे थांबलाय ते बोटांना कळतं. रिकाम्या हाताने तिथे उभी राहिले असते तर ही दोघं काय झालं म्हणून विचारत बसली असती. म्हणून हातात फडकं. ते ओलं आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

ह्याने सांगितलंय तसलं खोटं पत्र मला पाठवू नकोस. कधी येतोस तेवढं लिही.