चार नंबरचा लाल दिवा

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी

कारखान्यात मशिनींची पूजा. मिलवरच्या आबांनी चार नंबरचं पॅनेल आतपर्यंत हात घालून पुसलं, नेटवर्कच्या स्विचला झेंडूचा हार घातला, मला पेढा दिला. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात. हेच स्विच. शि. साहेब आमचे हेड. गेल्या हंगामात त्यांनी सगळे स्विच गोलाकार जोडणाऱ्या रिंगच्या दोन्ही बाजूंच्या केबल एकाच चारीत पुरल्या. जेसीबीने दोन्ही एकदम तोडल्या, मिल बंद. अहवालात काय, तर ‘टेक्निशियनचा हलगर्जीपणा’. टेक्निशियन म्हणजे मी. तेव्हापासून उसाच्या वजनकाट्यावर.

३ ऑक्टो., शुक्र.

काट्याच्या कॉम्प्युटरवर नेटवर्कचं पान अजून उघडतं, माझा पासवर्ड बंद करायला विसरलेत. चार आणि पाच नंबरच्या स्विचमधली केबल लाल. पुसताना आबांच्या हातून केबल सुटली असणार. कुणाला पत्ता नाही. रिंगने उलटी वाट धरली, सगळं चालू. आणि अलार्म? साहेबांनीच बंद ठेवलाय, कटकट नको म्हणून.

आता कुठंही आणखी एक केबल निघाली की मिल उभी. साहेबांना सांगायला फोन उचलला. ठेवला.

९ ऑक्टो., गुरु.

हंगामाच्या सुरुवातीला, मोळी टाकायच्या दिवशी चेअरमनसमोर दोन नंबरची केबल उपटून दाखवणार म्हणे साहेब. तार तुटली तरी कारखाना थांबत नाही! मी शहाण्यासारखी मान डोलावली. उपटा साहेब. सगळ्यांसमोर उपटा.

२४ ऑक्टो., शुक्र.

काल भाऊबीजेला दौंडला. वहिनी म्हणाली, एवढी खुशीत कशी? सांगितलं नाही. वर्षभराने पोटभर जेवले.

३० ऑक्टो., गुरु.

आबा काट्यावर आले. त्यांचा हा शेवटचा हंगाम, म्हणून केबल उपटायचा मान साहेबांनी त्यांना दिलाय. शिरूरहून नवा फेटा आणलाय. हे चालतं कसं, विचारत होते. म्हटलं, गावाला दोन वाटा असतात तसं, एक बंद तर दुसरीने जायचं.

“आन् दुसरी आधीच बंद आसली तर, ताई?”

तपासलेलं असतं, मी म्हणाले.

“मंग झालं. तुमी हाय म्हणल्यावर काळजी न्हाई.”

पुसणारा हात आबांचा, उपटणारा हातही आबांचाच. अहवाल मला आत्ताच तोंडपाठ आहे. नाव तेवढं बदलायचं. साहेब पुन्हा नामानिराळे.

३१ ऑक्टो., शुक्र.

सकाळी चार नंबरच्या पॅनेलची किल्ली मागून आणली. पॅनेलसमोर बसून लिहितेय. हार वाळलाय, केबल त्याच्याखाली लोंबतेय. बसवली तर टाळ्या त्या माणसाला. वर्षभर मी काट्यावर कुजले त्याच्या टाळ्यांसाठी? नाही बसवली तर...

आबा फेटा बांधून आले, फोटो काढा म्हणाले. काढला. मला साहेबांचं पडलेलं तोंड बघायचं होतं. आबांचं नाही.

पावणेदहा. मोळी दहाला. चेअरमनची गाडी आली. केबल हातात आहे.