चुलीचे पाहुणे

९ नोव्हेंबर
चूल मांडली! अकरा वर्षांनी. गॅस आला तेव्हा बायकोने, सत्यशीलेने, स्वतःच्या हाताने मोडली होती – दमा, डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितलेला. आता परसात, छपराखाली पुन्हा. उद्या फ्रान्सचे दोघे येतायत. कोल्हारजवळच्या आमच्या या एवढ्याशा गावात! ऊस बघणार, भाकरी खाणार, आमच्या माडीवर झोपणार. सहली आणणारा पोरगा, कल्याण, आमच्या गावचाच. म्हणतो, "काका, त्यांना अस्सल पायजे. हॉटेलं त्यांच्याकडं लई हायेत."
हिला विचारलं, धूर सोसेल का? "पाहुन्यापुरता तर," म्हणाली.

११ नोव्हेंबर
काय दिवस गेला काल! ही भाकरी थापतेय, शेजारी पाटावर मी. चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हटली – सबंध! एक कडवं अडलं, तर हिनेच पुरवलं. शाळा हिची दुसरीपर्यंत. म्हणजे पूर्वी चुलीपाशी माझंच ऐकून ऐकून. फ्रेंच बाई मोबाईल धरून समोर. धुराने हिचे डोळे वाहत होते, तरी हसत होती. मला आई आठवली.

३० नोव्हेंबर
इटली झाली. जपान झालं. जपानी आजोबांनी भाकरीला हात जोडले.

१८ डिसेंबर
खोकला. सून जया चिडली – "आई, पुरे झालं आता!" ही म्हणते, "तू गप गं. माडीला फरशी कुनामुळं बसली?" तेही खरंच. दुधाला दारात गिऱ्हाईक, शेजारच्या फैयाजच्या गाडीला शिर्डीच्या फेऱ्या. निम्मी आळी या परक्या लोकांवर चालते आता.
मी पेपरात डोकं घातलं. बोलायला हवं होतं.

६ जानेवारी
आखाताकडे लढाई पेटली. विमानं बंद. सगळी बुकिंगं रद्द. फैयाज गाडी पुसत बसलेला – "चाचा, बाँब तिकडं पडतोय आन् पंक्चर माझी गाडी!"

२० जानेवारी
पाहुणे नाहीत, धूर नाही. खोकला थांबला. तिकडे माणसं मरतायत म्हणून इथे माझ्या बायकोला श्वास मिळतोय – हे कसलं गणित! जग जवळ आलं म्हणतात. आलंय. हिच्या छातीपर्यंत आलंय.
मी ओसरीवर वाचतो, ही आत गॅसवर रांधते. घर मुकं वाटतं.

२ फेब्रुवारी
विमानं सुरू. आज एकदम सहाजण!

५ फेब्रुवारी
चुलीपुढेच कोसळली. ओठ निळे. फैयाजने गाडी काढली, नगरला आणलं. पाहुण्यांतली एक बाई रडत होती. दुसरा एकजण कॅमेरा बंद करायचाच विसरला होता.

८ फेब्रुवारी
ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, छाती आता पहिल्यासारखी होणार नाही. घरीही मशीन लागेल – कायमचं.
कल्याण मोसंबी घेऊन आला. दारातूनच घालवला. "तुझ्या त्या अस्सलपायी झालं हे!" मान खाली घालून गेला.

१० फेब्रुवारी
हिच्यापाशी बसून कल्याणला शिव्या घातल्या. हिने मास्क बाजूला केला. "त्याला कशाला बोलता? त्यो तर गॅसवरच करा म्हनत हुता. चूल म्याच मागितली."
दम खाल्ला.
"गॅसपाशी कधी बसलात का तुमी?"