भारी कॅमेरा धाकट्याला

मी, खाली सही करणारा, या स्टुडिओचा मालक, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार स्टुडिओच्याच वरच्या मजल्यावर, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याची खात्री डॉक्टरांनी आज सकाळीच केली. मान शाबूत नाही, पण कायद्याला मान लागत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट बायको म्हणाली, हे अभद्र आत्ताच कशाला. मी म्हटले, धाकट्या भावाच्या हाती काय पडू नये ते वेळेत लिहिलेले बरे.

कलम १. वरचा मजला, त्यातील सामान आणि बँकेतील ठेव माझ्या पश्चात बायकोची, तिच्यानंतर मुलीची. यात तिसऱ्याने नाक खुपसू नये. मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. ती माझ्यासारखी तापट नाही.

कलम २. खालचा स्टुडिओ, दिवे, पडदे आणि डुगडुगणाऱ्या स्टुलासह, माझ्या धाकट्या सख्ख्या भावास द्यावा असा मुलीचा आग्रह आहे. छातीवर दगड ठेवून मान्य करतो. मात्र दारावरच्या पाटीवर माझे नाव वर राहील आणि त्याचे खाली. अक्षरे एका मापाची नसावीत.

कलम ३. माझा भारी डीएसएलआर कॅमेरा, मोठ्या लेन्ससकट, हाही धाकट्यालाच. अट अशी की एक अख्खे लग्न त्याने तो गळ्यात घालून काढावे आणि जेवतानाही उतरवू नये. मी जन्मभर काय वागवले ते त्याच्या मानेला कळू दे.

याचे कारण नोंदवणे भाग आहे. धाकट्याने तो मिररलेस का काय तो चिमुकला कॅमेरा आणला, तेव्हा मी म्हटले होते, साबणाची डबी घेऊन लग्नाला निघालास काय. ज्याच्या पोटात आरसाच नाही, तो दुसऱ्याचे तोंड काय दाखवणार. पण त्या डबीचा आवाज होत नाही. फोटो कधी निघाला ते कळत नाही, त्यामुळे माणसे सहज दिसतात, आणि गिऱ्हाइके त्यालाच मागू लागली. एका नवरीची आई माझ्याच खुर्चीत बसून मला म्हणाली, "दादा, तुम्ही आलात की आम्ही ताठ होतो. धाकट्यांना पाठवाल का?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी त्यांना चहा पाजला.

कलम ४. बैठकीच्या भिंतीवरील बायकोचा फोटो. हा धाकट्याने काढला आहे. माझी बायको माझ्या कॅमेऱ्यासमोर आली की श्वास रोखते. खट् असा आवाज झाला की सोडते, पण तोवर फोटो होऊन गेलेला असतो. संसारभर हेच चालले. माझ्याकडे तिचे ट्रंकभर फोटो आहेत आणि सगळ्यांत ती पासपोर्टसाठी आल्यासारखी दिसते. धाकट्याने मात्र चहा पिता पिता, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, तिचे दात दिसणारे हसू उचलले. वर फ्रेम करून आणून दिले. येणारा-जाणारा म्हणतो, वहिनी काय सुंदर आल्यात! माझा जळफळाट होतो. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो.

सदर फोटो बायकोला आवडतो, म्हणून ती आहे तोवर तिथेच राहील. नंतर मुलीने न्यावा. धाकट्याने त्याची प्रत स्टुडिओच्या काचेत लावू नये.

कलम ५. गेल्या वर्षी भारी कॅमेरा कपाटात ठेवून मीही एक चिमुकला घेतला. मानेसाठी घेतला असे सर्वांना सांगितले आहे. खरे कारण कलम ४.

आणल्या दिवशीच बायकोला त्याच खिडकीपाशी उभे केले. तिने सवयीने श्वास रोखला. मी बटण दाबत राहिलो. आवाज नाही, म्हणून ती काही सुटेना. चेहरा लाल झाला.

"काढा ना हो," ती ओठ न हलवता म्हणाली.

"केव्हाच काढला."

"थापा मारू नका. वाजला कुठे?"

मी कॅमेरा खाली सोडला आणि जिभेने टाळूवर खट् केले. तिने सवयीने श्वास सोडला. मग अशी हसली की खिडकीची कड धरावी लागली, डोळ्यांतून पाणी आले. धाकट्याच्या फोटोतले हसू त्यापुढे काहीच नव्हे. कॅमेरा तेव्हा माझ्या पोटावर लोंबत होता.

हा चिमुकला कॅमेरा, आतल्या सगळ्या ताठ चेहऱ्यांसकट, मुलीला द्यावा.

कलम ६. वरील हसू कोणत्याही कार्डावर, भिंतीवर वा अल्बमात नाही. धाकटा त्या दिवशी परगावी होता, याची मी खात्री करून घेतली आहे. माझ्या मिळकतीपैकी एवढी एकच चीज मी कोणाच्याही नावे करीत नाही. ती माझ्याबरोबर येईल.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहिले, वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: स्टुडिओवाले दादा

साक्षीदार १: फ्रेमवाला. कलम ४ मधील फ्रेम यानेच केली. त्याला माफ केले आहे.
साक्षीदार २: डॉक्टर

ठिकाण: वरचा मजला, स्वयंपाकघराची खिडकी
तारीख: ११ मार्च, मंगळवार